कोकणात एकटीने पहिलं वर्केशन : को-लिव्हिंग ठरवताना काय तपासावं?

केवडा

जानेवारीत पंधरा दिवस कोकणात एखाद्या को-लिव्हिंगमध्ये राहून तिथूनच ऑफिसचं काम करायचा बेत आहे. एकटीने आणि पहिल्यांदाच. कामाची वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसात, त्यात रोज तीनेक तास व्हिडिओ मीटिंगा. मुंबईहून रेल्वेने जाणार.

तीन जागा बघून ठेवल्या आहेत: एक मालवण तालुक्यात, अगदी पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून, दुसरी रत्नागिरी शहराजवळ, तिसरी दापोलीत. तिन्हीकडे स्वतंत्र खोली, सामायिक स्वयंपाकघर आणि बसून काम करायला एक हॉल. भाड्यात फारसा फरक नाही. फोटो तिन्हींचे छानच आहेत, त्यामुळे फोटोंवरून काही ठरत नाही. पैसे भरण्याआधी मालकांना नेमकं काय विचारायचं, सोबत काय न्यायचं, जायचं कसं आणि एकट्या बाईने काय सांभाळायचं, हे जाणकारांनी सांगावं.

चिरेबंदी

केवडाताई, समुद्र यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. तुमच्या तिन्ही पर्यायांत तो फार लांब नाहीच. शिवाय जानेवारीत कोकणात सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि तुमचं काम संपणार साडेसातला. म्हणजे सोमवार ते शुक्रवार उजेडातला समुद्र मिळणार तो फक्त सकाळी, सात ते साडेनऊ. पुढचे नऊ तास जिथे बसणार, ती खुर्ची आणि तिथपर्यंत पोचणारं नेट यांवर पंधरा दिवस कसे जातील ते ठरतं.

‘नेटचा स्पीड किती?’ असं विचारू नका. ‘शंभर एमबीपीएस’ हे उत्तर येतं आणि ते खरंही असतं, पण तो आकडा कनेक्शनचा, तुमच्या खोलीतला नव्हे. त्याऐवजी मालकांना सकाळी अकराच्या सुमारास व्हिडिओ कॉल करायला सांगा, मोबाइल डेटा बंद ठेवून, त्यांच्याच वायफायवरून. राउटरजवळ उभं राहून बोलायला सुरुवात करायची, मग बोलत बोलत तुम्हाला मिळणाऱ्या खोलीतल्या टेबलापर्यंत जायचं आणि दार लावून घ्यायचं. तिथे दोन मिनिटं बोलणं झालं, की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मेन स्विच पाडायला सांगायचं. एवढं होऊनही कॉल चालू राहिला तर जागा कामाची आहे. या पाच मिनिटांत कळतं ते दहा प्रश्न विचारूनही कळत नाही. आणि जे मालक ‘हो, करतो की’ म्हणतात, त्यांच्याकडे पुढेही अडचण आली तर ऐकून घेतलं जातं.

कॉल तीन ठिकाणी तुटतो. पहिली गोष्ट भिंत. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत जाड असते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशी एक भिंत जेमतेम पार करतं, दुसऱ्या भिंतीपलीकडे बहुधा मिळतच नाही. २.४ गिगाहर्ट्झचं पोचतं, पण हळू. खोलीत अडकत असेल तर लॅपटॉप २.४ वर जोडा, किंवा सरळ दहा मीटरची लॅन केबल आणि लॅपटॉपला लागणारा अडॅप्टर सोबत न्या. केबल लावली की भिंतीचा प्रश्नच मिटतो.

दुसरं ठिकाण म्हणजे राउटर. घराला इन्व्हर्टर असतो, पण राउटरचा प्लग ज्या पॉइंटवर आहे तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. मेन स्विच पाडल्यावर लगेच उघड होतं.

तिसरं ठिकाण घरात बसून दिसत नाही आणि मेन स्विच पाडूनही कळत नाही. बऱ्याच गावांत स्थानिक केबलवाल्याचं नेट असतं आणि नेट पुढे वाटणारं त्याचं यंत्र कुणाच्या तरी पडवीत किंवा खांबावरच्या पेटीत, साध्या विजेवर चालतं. अख्ख्या वाडीची वीज गेली की घरातला राउटर चालू राहतो, वायफायच्या पूर्ण कांड्या दिसतात, आणि नेट मात्र शून्य. यासाठी प्रश्न असा विचारा: ‘महावितरणची लाइट गेल्यावर नेट किती वेळ चालतं?’ नेमकं उत्तर आलं नाही, तर मोबाइल डेटावर सगळं काम निभेल का ते बघूनच पुढे जा.

तुमच्या तीन पर्यायांत माझं मत रत्नागिरीला. पहिल्या खेपेला शहर जवळ असलेलं बरं: मोबाइलचे टॉवर जास्त, लॅपटॉपचा चार्जर बिघडला तर दुकान आहे, आणि खोली जमलीच नाही तर त्याच दिवशी दुसरी बघता येते. पुळणीवरची जागा पुढच्या खेपेला.

अर्थिंग

चिरेबंदी यांनी मेन स्विच पाडायचं सांगितलं ते योग्यच, पण तो पाच मिनिटांचा तपास झाला. वीज तीन तास गेली तर काय, हे गणिताने काढावं लागतं, आणि ते सोपं आहे.

कोकणातल्या घरांत सर्रास दिसते ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी. गुणाकार केला की १८०० वॅट-अवर. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरीचं वय धरून हाताशी ११०० ते १२०० उरतात. आता एका खोलीचा भार मोजा: साधा छताचा पंखा ७५ वॅट, लॅपटॉप ६०, दिवा १०. झाले १४५. सहा खोल्या भरलेल्या असतील तर ८७०. ही बॅटरी एवढ्यावर दीड तासही धरणार नाही. आणि इन्व्हर्टर ९०० व्हीएचा असेल तर तो जेमतेम ७०० वॅट देतो, म्हणजे सगळे एकदम कामाला बसले की ट्रिप होणार. पंखे बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) असतील तर प्रत्येकी ३० वॅटच लागतात आणि त्याच बॅटरीवर दोन तास निघतात. तेव्हा मालकांना तीन आकडे विचारा: बॅटरी किती अँपिअर-अवरची, किती वर्षांची, आणि तिच्यावर किती खोल्या. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेलेली असेल तर वरचे आकडे निम्मे धरा.

स्वतःचा बंदोबस्त: लॅपटॉप चार्ज करू शकेल अशी ६५ वॅटची पॉवर बँक. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, त्यातले प्रत्यक्ष ५५-६० लॅपटॉपला मिळतात. बहुतेक हलक्या लॅपटॉपांची बॅटरी तेवढीच असते, म्हणजे एक पूर्ण चार्ज. विमानाने येणाऱ्यांनी ती हातातल्या बॅगेतच ठेवावी, १०० वॅट-अवरच्या आतली विनापरवानगी चालते. दुसरी वस्तू राउटरचा छोटा यूपीएस. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण अँपिअर आणि पिनचा आकार वेगवेगळा असतो. राउटरच्या अडॅप्टरवरच्या छापील मजकुराचा फोटो आधी मागवून घ्या, तरच तो यूपीएस तिथे बसेल.

बऱ्याच जुन्या घरांत टेबलाजवळ एकच पॉइंट असतो आणि तोही सैल. स्पाइक गार्ड न्याच. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नीट नाही. जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घातलेलं नसतं. त्या पॉइंटवर काम करू नका, मालकांना सांगून दुसरा घ्या.

सुरंगी

एकट्या बाईसाठीचे मुद्दे स्वतंत्र लिहिते.

पहिला मुक्काम उजेडात गाठा. सकाळी पोचणारी गाडी पकडली की खोली बघून ‘ही नको’ म्हणायला आणि दुसरीकडे जायला पूर्ण दिवस हाताशी राहतो. त्याच कारणासाठी पंधरा दिवसांचे पैसे आधी भरू नका. तीन रात्रींचे भरा, उरलेल्यांसाठी खोली धरून ठेवायची थोडी रक्कम द्या, आणि ‘तीन दिवसांनी मुक्काम हलवल्यास किती परत’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. तोंडी ‘बघू की’ यावर काहीही अवलंबून ठेवू नये.

मालकांना विचारायचं ते असं: रात्री त्या आवारात कोण राहतं? मालकांचं कुटुंब तिथेच राहत असेल तर उत्तम. काळजीवाहू एकटाच असेल तर त्याच्याकडे खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या असतात का? संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की अंगणातून जावं लागतं? दाराला आतून कडी आहे की फक्त लॅच? कडी-कोयंडा असेल तर स्वतःचं कुलूप न्या. त्या पंधरवड्यात अजून कोण राहणार आहे, तेही विचारा. को-लिव्हिंग म्हणून जाहिरात असते आणि प्रत्यक्षात शनिवारी अख्खी जागा एकाच ग्रुपला दिली जाते. अशा रात्री एकटीने तिथे राहणं कठीण होतं.

ओळखपत्र म्हणून आधारची झाकलेल्या आकड्यांची प्रत द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ती उतरवता येते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं लिहून सही करा. जागेची राज्याच्या पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी आहे का, हेही विचारा. नोंदणी असलेल्या जागेला पत्ता, मालक आणि पावती असते.

गावात आल्यावर वाडीतल्या दुकानदाराला आणि जवळच्या घरातल्या काकूंना आपण कुठे उतरलोय आणि किती दिवस आहोत ते सांगून ठेवा. कोकणातल्या वाडीत ‘पाहुणी कुणाकडची?’ हा प्रश्न येतोच. आपणहून उत्तर दिलं की सगळी वाडी आपल्यावर लक्ष ठेवते, आणि ते फार उपयोगाचं असतं.

केवडा

सगळ्यांचे आभार. रत्नागिरी आणि दापोलीच्या मालकांनी व्हिडिओ कॉलला होकार दिला आहे. मालवणचे म्हणतात, ‘जनरेटर आहे, काळजी नको.’ तेवढ्यावर मान्य करावं का? आणि तिन्ही ठिकाणी पोचायचं कसं, हे कुणी सविस्तर सांगेल का?

अर्थिंग

जनरेटर असला तरी तो सुरू करायला माणूस लागतो. वीज गेल्यापासून तो धडधडेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात. मीटिंगमधून बाहेर फेकले जायला तेवढी पुरेत. शिवाय आवाज. जनरेटर आणि काम करायचा हॉल यांत किती अंतर आहे आणि मधल्या वेळेला इन्व्हर्टर आहे का, हे विचारा. जनरेटरबरोबर इन्व्हर्टर असेल तरच ‘काळजी नको’ खरं.

खाडीपलीकडे

प्रवासाचं सांगतो.

रत्नागिरी: रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे, पण रिक्षा आणि एसटी दोन्ही मिळतात. मालवण: मालवणला रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरायचं. कुडाळला बऱ्याच मुख्य गाड्या थांबतात, तिथून मालवण तासाभराच्या अंतरावर. दापोली: तिथेही रेल्वे नाही, खेडला उतरून एसटी. खेडला थांबणाऱ्या गाड्या त्या मानाने कमी, आधी बघून घ्या.

कोकणकन्या एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते. कुडाळला ती सकाळी पोचते, ते सुरंगीताईंनी सांगितलेल्या हिशोबात बसतं. रत्नागिरीला मात्र ती पहाटे अंधारातच येते. उजाडेपर्यंत स्टेशनवर थांबावं, नाहीतर मांडवीने दिवसा यावं. तुतारी दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. इथे नेहमी घोटाळा होतो आणि तो स्टेशनवर गेल्यावरच कळतो. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जानेवारीचा पहिला आठवडा टाळा. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत गाड्याही भरलेल्या आणि तारकर्ली-मालवणला माणसांच्या गर्दीबरोबर मोबाइल टॉवरवरही गर्दी. दहा तारखेनंतर या.

गाडीत बसून मीटिंग करायचा विचार सोडा. रोह्याच्या पुढे बोगदे सुरू होतात, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यांच्या मधल्या दऱ्यांतही नेटवर्क टिकत नाही.

तिथे फिरायला: महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. पण वाडीवस्तीवर गाड्या सकाळ-संध्याकाळ मिळून मोजक्याच. शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे कंडक्टरलाच विचारावं. बसस्थानकावरचा फलक जुना असू शकतो. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायला अडचण येते. सागरी रस्त्यांवर रात्री दिवे नसतात आणि गुरं बसलेली असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर शक्यतो गाडी काढू नका.

रोख रक्कम जवळ असू द्या. नेटवर्क गेलं की यूपीआय जातं, आणि सलग सुट्ट्यांत एटीएम रिकामी होतात.

कातळसडा

जानेवारी ठीकच आहे, पण हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी सांगतो: पावसाळ्यातलं वर्केशन जास्त सुंदर. गर्दी नाही, भाडं कमी, घाट हिरवेगार, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, रानफुलं.

चिरेबंदी

कातळसडा, सौंदर्याबद्दल वाद नाही, पण पहिल्या खेपेला जून ते ऑगस्ट नकोच. कोकणात फायबरची तार आणि विजेची तार बऱ्याच ठिकाणी एकाच खांबावरून जाते. फणसाची किंवा आंब्याची एक फांदी पडली की दोन्ही एकदम तुटतात, म्हणजे ज्या दिवशी बॅकअप लागतो त्याच दिवशी नेट नसतं. मोबाइलच्या टॉवरला बॅटरी आणि डिझेल असतं, पण वीज दिवसभर आली नाही तर तोही बंद पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत तेच.

वादळ नसलं तरी पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना मीटिंग घेऊन बघा, समोरच्याला फक्त पाऊस ऐकू जातो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. मालवणातली किल्ल्याची होडी आणि स्कूबा मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. गणपतीत तर चाकरमान्यांनी घरं भरलेली, तिकीट मिळणं दुरापास्त.

कातळसडा

पत्र्याचा मुद्दा मान्य. मग असं करा: पावसात यायचं तर रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, कुडाळ अशा शहरातली स्लॅबची इमारत, मीटिंगा कमी असलेला आठवडा, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. वाडीत पावसाळा अनुभवायचा असेल तर ती सरळ रजा टाकून. एक मात्र सगळ्या मोसमांत विचारून घ्यावं: गावचा सण कधी? शिमग्यात पालखी घरोघरी येते, ढोल रात्रभर. आंगणेवाडीच्या जत्रेत मालवण तालुक्यातले रस्ते आणि गाड्या तुडुंब. आणि आचरा, चिंदर या गावांत ठराविक वर्षांनी गावपळण असते: देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. त्या तारखांना तिथे बुकिंग असून उपयोग नाही.

आंबोळी

जेवणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सामायिक स्वयंपाकघर म्हणजे नेमकं काय ते विचारा: गॅस की इंडक्शन? इंडक्शन असेल तर वीज गेल्यावर चहाही नाही, कारण २००० वॅटची शेगडी घरगुती इन्व्हर्टर ओढूच शकत नाही. मासे आत शिजवायला चालतात का? फ्रिजमध्ये कप्पा वेगळा मिळतो का? पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर उकळून घ्या. जानेवारीत विहिरींना पाणी असतं, एप्रिल-मेमध्ये टंचाई होते आणि बाथरूमलाही मोजून मिळतं.

शहरासारखं कधीही काहीही मागवता येत नाही. खानावळीत सकाळी दहाच्या आत ‘दुपारी एक शाकाहारी ताट’ किंवा ‘एक सुरमई’ असं सांगून ठेवावं लागतं. रात्री साडेसातला काम संपवून, आवरून आठ-साडेआठला बाहेर पडलात तर लहान गावात चुली विझलेल्या असतात. घरगुती डबा लावा, तो साडेसातच्या आधी पोचवायला सांगा. तिखट कमी हवं असेल तर पहिल्याच दिवशी बोला. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही. सकाळी घावणे किंवा आंबोळी-चटणी खाऊन बसलं की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही, मीटिंगांच्या दिवसाला ते बरं पडतं. जवळ कुळथाचं पीठ ठेवा: पिठी आणि भात वीस मिनिटांत होतो.

कळफलक

ऑफिसच्या बाजूने थोडं.

परवानगी मिळाली असली तरी ती ईमेलवर असू द्या, त्यात गावाचं नाव आणि तारखा. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन घरच्या नेटवर चालतं म्हणून तिथे चालेलच असं नाही. मालकांच्या व्हिडिओ कॉलनंतर त्यांना शंभर पिंग (नेट तपासणारे छोटे संदेश) पाठवायला सांगा आणि किती हरवले ते बघा. दोनपेक्षा जास्त हरवत असतील तर स्पीड कितीही असला तरी आवाज तुटणार. अपलोडचा आकडा वेगळा मागा. चांगल्या दर्जाच्या ग्रुप कॉलला जाताना आणि येताना तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते तुमच्या एकटीसाठी, आणि शेजारच्या खोल्यांतही मीटिंगा चालू असतात.

मोबाइल डेटावर व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी धरा. तीन तासांच्या मीटिंगा म्हणजे तीन जीबी. रोज दीड-दोन जीबीचा पॅक दुपारीच संपतो. जास्तीचा डेटा आधी घेऊन ठेवा. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो त्याला खोलीत सिग्नल नसेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करा. ऑफिसच्या लॉगिनला ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप निघण्याआधीच लावून घ्या, ते नेटवर्कशिवाय चालतं.

खुर्चीचा फोटो मागवा. प्लास्टिकची किंवा वेताची असेल तर तीन दिवसांत कंबर धरते. टेबलाची उंची ७२ ते ७५ सेंटिमीटर हवी. टेप धरून फोटो मागायला संकोच वाटू देऊ नका. लॅपटॉप स्टँड आणि वेगळा कीबोर्ड न्या. माइक तोंडाजवळ येणारा हेडसेट घ्या, हॉलमध्ये तोच कामाला येतो.

शनिवारी पोचा, रविवारी सगळं जोडून खोट्या मीटिंगने तपासा, सोमवारी काम सुरू. पहिल्या सोमवारी सादरीकरण ठेवू नका. आणि पंधरवड्याच्या मध्ये एक बुधवार रजा टाका, शनिवार-रविवारची गर्दी नसलेला किनारा तेव्हाच मिळतो.

दर्यावर्दी

सकाळी फिरायला जाणार असाल तर भरतीची वेळ काढायला शिका, अ‍ॅप लागत नाही. तिथीला तीनने गुणून चारने भागा. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३: पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. म्हणजे द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत, शुद्ध असो वा वद्य, सात ते साडेनऊ या तुमच्या वेळात पुळण रुंद आणि टणक मिळते. एकादशीला मात्र सव्वाआठला भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. खडकांवरून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल तर परतायची वेळ आधी काढा.

एकटीने पाण्यात गुडघ्यापुढे जाऊ नका, पोहता येत असलं तरी. गणपतीपुळ्यासारख्या उताराच्या किनाऱ्यावर परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं आणि मग आत यायचं. कुठे उतरावं हे तिथल्या रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, विचारा.

कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) बघायला उक्षी किंवा कशेळीला गेलात तर सकाळी लवकर जा: तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, आणि सड्यावर सावली नसते. बंद बूट घाला. जांभ्याच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, तो लहान, मातकट आणि दगडाच्या सांदीत बसलेला दिसतच नाही. अंधारात अंगणातही टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलवू नका आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. रत्नागिरीचं आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय ही मोठी ठिकाणं. आपल्या वाडीला जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. लाल विंचू चावला तरी रुग्णालयच: त्यावरचा प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, वेळेवर मिळाला तर जीव वाचतो.

केवडा

दोन्ही व्हिडिओ कॉल झाले. रत्नागिरीत मेन स्विच पाडल्यावरही कॉल चालू राहिला, वाडीची लाइट गेल्यावर नेट दोन तास चालतं असं त्यांनी सांगितलं, आणि बॅटरी दोन वर्षांची आहे. दापोलीत खोलीत शिरताच चित्र अडकलं, पण मालक लॅन केबल टाकून द्यायला तयार आहेत. रत्नागिरी नक्की करतेय. तीन रात्रींचे पैसे आणि बाकीच्यांसाठी आगाऊ रक्कम, परताव्याची अट लेखी. कोकणकन्या पहाटे पोचते म्हणून मांडवीने जाईन, ती दिवसाउजेडी पोचते. शेवटचा प्रश्न: एसीची वीज वेगळी, ‘युनिटप्रमाणे’ असं म्हणतात. साधारण किती धरावी?

अर्थिंग

जानेवारीत रत्नागिरीला रात्री पंखा पुरतो, एसी बहुधा लागणारच नाही. लावलाच तर दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. आठ तासांचे दहा-बारा धरा. युनिटचा दर आधी लेखी घ्या, आणि खोलीला वेगळा सबमीटर आहे का ते विचारा. नसेल तर ‘युनिटप्रमाणे’ला अर्थ नाही, रोजची ठराविक रक्कम ठरवा.

सुरंगी

सबमीटर असेल तर खोलीत बॅग ठेवण्याआधी त्याच्या आकड्याचा फोटो काढून तिथल्या तिथे मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. निघायच्या आदल्या रात्रीही तसंच, कारण सकाळी गाडीच्या घाईत हिशोब होत नाही. त्याच वेळी डब्याचे आणि धुण्याचे पैसेही चुकते करा, आणि आगाऊ रकमेतून काय वळतं केलं ते त्याच चॅटमध्ये लिहून घ्या.